वादळात पडलेला फणस जागेवरच चिरताना: चेनसॉने ओंडक्याच्या जाड फळ्या कशा काढाव्यात

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडच्या वाड्यांतल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, आणि त्यांच्यासोबत परसातले जुने आंबे-फणसही मुळांसकट उलटले. माझ्या आत्याच्या वाडीतला फणस त्यातलाच. बुंध्याशी अडीच फूट व्यास, पहिल्या फांदीपर्यंत सरळ आठ फूट. सरपणाचा व्यापारी येऊन बघून गेला आणि तोडणावळ तुम्हीच द्या म्हणाला. आत्या मला म्हणाली, "तुला काही करता आलं तर कर बाबा, नाहीतर जाऊ दे चुलीत."

असा ओंडका सॉ मिलला न्यायचा तर आधी तो वाडीतून बाहेर निघायला हवा. अडीच फुटी, आठ फूट लांब ओला ओंडका म्हणजे साधारण एक घनमीटर लाकूड, टनाच्या आसपास वजन. पाखाडीच्या पायऱ्या आणि दोन्हीकडचे गडगे ओलांडून तो नेणार कोण? कोकणातली कितीतरी चांगली झाडं एवढ्याच कारणाने सरपणात गेली. म्हणून ओंडका करवतीकडे न नेता करवतच ओंडक्याकडे न्यायची. मोठी चेनसॉ आणि तिच्या बारला (चेन जिच्यावर फिरते त्या लांब पट्टीला) बसणारी एक साधी चौकट असली की फळ्या जागेवर पडतात आणि चार माणसं त्या एकेक करून उचलून नेतात. काम सावकाशीचं आणि अंगमेहनतीचं आहे, पण करता येतं. पहिला कट आणि सुकवणं या दोन गोष्टींत मात्र घाई करून चालत नाही. फळी बिघडते ती बहुतेक वेळा या दोन ठिकाणीच.

आधी कागद

झाड आपल्याच जमिनीतलं असलं तरी 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, जांभूळ, चिंच, खैर अशी आपल्या नेहमीच्या ओळखीची बरीच झाडं आहेत. वादळात पडलेल्या झाडाचे जागेवरचे फोटो काढा, पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत ठेवा आणि हात लावण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी कळवा. माल गावाबाहेर न्यायचा असेल तर वाहतूक पास लागतो. पैसे घेऊन दुसऱ्यांचे ओंडके चिरून द्यायचा विचार असेल तर तिथेच परवान्याचंही विचारून घ्या, कारण सॉ मिलच्या धंद्याला परवाना लागतो. या सगळ्यात एक-दोन चकरा होतात, पण ओंडका तोवर कुठे पळून जात नाही.

बुंधा मुळांपासून सोडवणं

चिरण्यापेक्षा हे काम जास्त धोक्याचं आहे. उलटलेल्या झाडाच्या मुळांचा गड्डा मातीसकट उभा राहिलेला असतो आणि बुंध्याच्या वजनाने तो तसा धरून ठेवलेला असतो. बुंधा कापून वेगळा केला की गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसू शकतो. मागे कोणी उभं असेल तर संपलंच. खड्ड्यात लहान मुलं खेळत नाहीत ना, हे स्वतः जाऊन बघा. गड्ड्याला टेकू किंवा दोर लावा आणि मगच करवत चालवा. फांद्यांवर टेकलेल्या बुंध्यात ताण साठलेला असतो. ज्या बाजूला लाकूड दाबलं गेलंय तिथे आधी थोडा कट घ्यायचा आणि ताणलेल्या बाजूने पूर्ण करायचा. उलटं केलं तर बार अडकतो किंवा बुंधा उभा फाटतो आणि फळ्यांचं लाकूड तिथेच वाया जातं. ही सवय नसेल तर एवढं काम रोज झाडं तोडणाऱ्या माणसाकडून करून घ्या.

ओंडका मोकळा झाला की त्याच दिवशी दोन्ही तोंडांना ऑइल पेंट किंवा मेण जाड थरात फासा. लाकडातलं पाणी टोकांतून सगळ्यात लवकर उडतं आणि तडे तिथूनच सुरू होतात. मग ओंडका जमिनीपासून उचलून दोन आडव्या लाकडांवर ठेवा. फणस असा पावसाळाभर थांबतो, आंबा थांबत नाही. आंब्याच्या ओल्या लाकडात बुरशीचे निळे-काळे डाग आणि भुंगा फार लवकर शिरतात, म्हणून आंबा जूनमध्ये पडला तर जूनमध्येच चिरायचा. आत्याचा फणस मी नोव्हेंबरात चिरला.

मशीन, बार आणि चेन

ओंडका आडवा तोडताना चेनसॉला मिनिटभर काम आणि मग विसावा असतो. उभा चिरताना तीच मशीन दहा-पंधरा मिनिटं सलग पूर्ण थ्रॉटलवर राबते, तेही बारच्या जवळजवळ सगळ्या लांबीवर लाकूड असताना. बाजारात सहज मिळणारी 52-58 सीसीची मशीन फूटभर रुंदीच्या ओंडक्याला कशीबशी पुरते. दोन फुटांच्या पुढे तिच्यावर जबरदस्ती केली तर पिस्टन पकडतो, म्हणजे इंजिन जाम होतं. दोन फुटांपर्यंत 90 सीसीच्या आसपासची मशीन हवी, उदाहरणार्थ हुस्क्वर्ना 395 एक्सपी (93.6 सीसी) किंवा स्टिल एमएस 661 (91.1 सीसी). अडीच फूट आणि त्यापुढे स्टिलची 881 (121.6 सीसी) किंवा त्या ताकदीची. या मशीन महाग आहेत. दोन-चार ओंडक्यांसाठी विकत घेऊ नका, भाड्याने किंवा माणसासकट आणा.

चौकट म्हणजे मिल. यातली सगळ्यांना माहीत असलेली ग्रॅनबर्ग कंपनीची अलास्कन मिल. बारला दोन्ही टोकांना पकडणारे क्लॅम्प आणि वर दोन आडव्या दांड्या, एवढंच. दांड्या सपाट पृष्ठभागावर सरकतात आणि बार त्यांच्याखाली ठरलेल्या खोलीवर, आडवा, कापत जातो. आपल्याकडे चांगला फॅब्रिकेटर तशी चौकट बनवून देतो, फक्त क्लॅम्प ढिले पडणारे नकोत. मिल लावली की बारची सुमारे सहा इंच लांबी त्यातच जाते. 36 इंची बारने 30 इंच रुंदी जेमतेम मिळते, म्हणून अडीच फुटी ओंडक्याला मी 42 इंची बार वापरला.

चेनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण अर्धं काम तिच्यावर आहे. दुकानात मिळणाऱ्या साध्या चेनचे दात आडव्या कापासाठी 30 अंशांत घासलेले असतात. उभं चिरताना दात लाकडाच्या तंतूंच्या तोंडावर चालतो, तिथे 10 अंश लागतात. चिरायची वेगळी चेन मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर साध्या चेनला प्रत्येक धारेच्या वेळी थोडं थोडं करत 30 वरून 10 अंशांवर आणता येतं. एकदम घासून आणू नका, दाताचं आयुष्य निघून जातं. कानस गोल आणि चेनला सांगितलेल्या मापाचीच घ्या: 3/8 पिचला (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) बनावटीनुसार 5.2 किंवा 5.5 मिमी, .404 ला 5.5 मिमी. दोन्ही बाजूंच्या दातांना सारखेच हात मारा. एक बाजू लांब राहिली की बार त्या बाजूला ओढला जातो आणि फळी मध्येच जाड, मध्येच पातळ निघते. दातापुढचा बुटका काटा दातापेक्षा साधारण 0.65 मिमी खाली असावा. चार-पाच धारांनंतर तो तपासून सपाट कानशीने उतरवायचा.

धार गेली की नाही हे भुशावरून कळतं. धारदार चेनचा भुसा रव्यासारखा दाणेदार पडतो आणि मुठीत धरला तर टोचतो. धार गेली की तोच पिठासारखा होतो, बारमधून धूर यायला लागतो आणि मशीन आपल्याला ढकलावी लागते. पीठ दिसलं की थांबायचं. मी प्रत्येक फळीनंतर धार लावतो, जांभ्याची माती लागलेल्या ओंडक्यावर तर अर्ध्या फळीतच.

पेट्रोल 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली चांगलं टू-स्ट्रोक ऑइल. हे मोजून घालायचं, अंदाजाने नाही. कार्ब्युरेटरला स्क्रू असेल तर मेकॅनिककडून मिश्रण किंचित रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) करून घ्या, म्हणजे इंजिन थंड राहतं. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला पाणी ओढायची सवय आहे, म्हणून काम संपलं की टाकी रिकामी करायची. बारला बार ऑइलच घाला. गावोगाव गाडीचं जळकं ऑइल ओततात. त्यातली धातूची कणी बार खाते आणि ते काळं तेल फळीत नि विहिरीच्या मातीत मुरतं. दोन फुटांपुढच्या बारला टोकापर्यंत तेल पोचत नाही, तेव्हा टोकाकडच्या क्लॅम्पवर छोटी बाटली आणि नळी लावून थेंब थेंब तेल सोडा.

ओंडका मांडणं

दोन जाड सोटांवर ओंडका ठेवा, दोन्ही बाजूंनी पाचर मारा आणि शक्य असेल तर करवत ज्या दिशेने चालणार त्या बाजूला थोडा उतार द्या. आपल्या कमरेऐवजी मशीनचं वजनच मशीनला पुढे नेतं. तारेच्या ब्रशने आणि कोयत्याने कटाच्या मार्गातली साल साफ करा. सालीत माती, खडे, जुन्या वाळव्यांची घरं असतात, आणि दातांना त्यांच्याइतकं वाईट काही नाही.

एक गोष्ट सोडून. घराजवळच्या झाडात लोखंड असतंच. कपडे वाळत घालायची दोरी, झोपाळ्याचं कडं, कुंपणाची तार, कोणी तीस वर्षांपूर्वी ठोकलेला खिळा. पुढे चिरलेल्या एका आंब्याच्या तोंडावर मला बोटाएवढा निळसर-काळा पट्टा दिसला होता. बुरशी असेल म्हणून सोडला. तिसऱ्या फळीत चार फुटांवर ठिणगी उडाली, आवाज बदलला, आणि बाहेर काढली तेव्हा चेनच्या एका बाजूचे सगळे दात गोल झाले होते. आत तळहाताएवढा जुना खिळा होता. लोखंडाचा गंज आणि लाकडातलं टॅनिन यांची शाई होते आणि ती तंतूंच्या दिशेने चढते. ओंडक्याच्या तोंडावर असा पट्टा दिसला तर त्या रेषेत लोखंड आहे असं धरून चाला. हातातला मेटल डिटेक्टर ओंडक्यावरून फिरवा आणि प्रत्येक फळी काढल्यावर नव्या पृष्ठभागावरून पुन्हा फिरवा, कारण तो खोलवरचं पकडत नाही.

पहिला कट

ओंडका गोल आहे आणि मिलला सरकायला सपाट जागा हवी, म्हणून पहिल्या कटासाठी वर रूळ बांधावे लागतात. सरळ ॲल्युमिनियमची शिडी चालते. मी 3 इंच बाय दीड इंचाच्या दोन ॲल्युमिनियम सेक्शनना आडवे जोड देऊन 3 मीटरची शिडी करून घेतली. ओंडका 2.4 मीटरचा, म्हणजे दोन्हीकडे फूटभर बाहेर. हे बाहेरचं टोक सोडू नका. कटात शिरताना आणि बाहेर पडताना मिलला त्याचाच टेकू असतो, नाहीतर ती झुकते आणि फळीच्या टोकाला खाच पडते.

शिडी ओंडक्यावर नुसती ठेवायची नाही. दोन्ही तोंडांवर एकेक आडवी फळी स्क्रूने बसवायची आणि शिडी त्यांच्यावर टेकवायची. माप घ्यायचं ते गाभ्याच्या मधल्या बिंदूपासून, सालीपासून नाही. ओंडका एका टोकाला जाड असतो. सालीपासून मापलं तर फळ्या गाभ्याला तिरक्या जातात आणि रेषा बाजूला पळतात. माझा ओंडका बुंध्याकडे 75 सेमी, शेंड्याकडे 66. दोन्हीकडे मधल्या बिंदूपासून 28 सेमीवर कटाची रेषा आखली आणि 40 सेमीवर आडव्या फळीची वरची कड ठेवली. म्हणजे मिलची खोली 12 सेमी अधिक शिडीची जाडी. जाड बाजूला, बुंध्याकडे, ओंडक्याचा माथा साडेसदतीस सेमीवर, तेव्हा शिडी सगळीकडे लाकडापासून मोकळी राहिली. स्क्रू कटाच्या रेषेच्या किमान 2 सेमी वर हवेत. इथे कसलीही सूट नाही, चेन स्क्रूवर गेली तर ती तुटून उडते.

आता स्पिरिट लेव्हल एका आडव्या फळीवर ठेवा, बुडबुडा मध्ये आणा, स्क्रू आवळा. मग दुसरी. दोन्ही आपापल्या जागी पक्क्या लेव्हलमध्ये आल्या की शिडीला पीळ राहत नाही. पहिल्या कटात राहिलेला पीळ पुढच्या प्रत्येक फळीत तसाच उतरतो, म्हणून इथे अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. दोन टोकांमध्ये दोरी ताणून शिडी मध्ये झोळली आहे का पाहा आणि खाली पाचर सारून ती दोरीला लावा. शेवटी डोळा शिडीच्या पातळीवर आणून एका आडव्या फळीची कड दुसरीवर जुळते का, ते बघा. पाव सेंटीमीटरचा फरकही डोळ्याला कळतो.

करवत चालवताना

हेल्मेट-जाळी, कानावर मफ, चांगला मास्क, पायाला चॅप्स (करवतीपासून वाचवणारं जाड आवरण), हातमोजे, जाड बूट. फणसाचा भुसा बारीक आणि चिकट असतो, घशात बसतो. वारा आपल्या पाठीकडून किंवा बाजूने येईल असे उभे राहा. मशीनवर वाकून पंधरा मिनिटं धूर घेतला तर डोकं जड होतं, तो कार्बन मोनॉक्साइड आहे. आणि एकट्याने हे काम कधीही करू नका.

मिल शिडीवर ठेवा, पूर्ण थ्रॉटल द्या आणि मगच बार लाकडाला लावा. अर्ध्या थ्रॉटलवर चिरू नका. कटात शिरल्यावर एकदा इंजिनाची बाजू थोडी पुढे, मग टोकाची बाजू पुढे, असं डोलत डोलत न्यायचं. त्यामुळे चेनला एका वेळी कमी रुंदी कापावी लागते. दांड्या शिडीवर दाबलेल्या राहिल्या पाहिजेत, पण पुढे रेटायचं नाही. मशीन आपणहून जाईल तेवढीच जाऊ द्यायची. मिल फूट-दीड फूट पुढे गेली की मदतनीसाने मागच्या फटीत लाकडी पाचर घालायची, पुढे दर दोन फुटांवर एक. ठोकून नाही, हाताने बसेल एवढीच, म्हणजे फट मिटत नाही आणि बार दबत नाही. लोखंडी पाचर नको. मध्येच थांबलात तर फळीवर आडवी लाट उमटते, म्हणून टाकी भरूनच सुरुवात करा. बाहेर पडताना वजन मागच्या दांडीवर ठेवा.

कट संपला की लगेच बंद करू नका. अर्धा-एक मिनिट आयडल चालू दे, इंजिन थंड होतं. चेन तापून सैल झालेली असते. तेव्हा आवळली असेल तर थंड व्हायच्या आत परत सैल करा, नाहीतर आकसताना बारला चिकटते.

पहिलं गोल झाकण बाजूला सरकवलं तेव्हा आत्या पडवीतून उठून आली. ताज्या फणसाचा गाभा हळदीसारखा पिवळा असतो, बाहेरचं कच्चं लाकूड पांढुरकं. हा पिवळा रंग इतका पक्का की ब्रह्मदेश, थायलंडकडे फणसाच्या लाकडाच्या चिपा उकळून भिक्खूंची चीवरं रंगवत आले आहेत. उन्हा-हवेत काही महिन्यांत तो तपकिरी होतो. चीक मात्र पुष्कळ, चेनवर थर बसतो. रॉकेलमध्ये ब्रश बुडवून दर फळीला पुसून घ्यावा लागतो.

पुढच्या फळ्यांना शिडी लागत नाही. आधीच्या कटाची सपाट जागाच रूळ होते, खोली बदलली की झालं. तयार फळी 40 मिमी हवी असेल तर 55 ते 60 मिमी कापा, रुंद फळी सुकताना वाकते आणि रंध्याला लाकूड उरायला हवं. प्रत्येक कटात सुमारे 10 मिमी लाकडाचा भुसा होतो, म्हणजे 60 च्या फळीमागे ओंडक्याचे 70 मिमी धरायचे. 28 सेमी वर आणि तेवढंच खाली धरून माझ्या आठ फळ्या बसल्या. मधल्या बिंदूतून जाणारी फळी हमखास मध्ये तडकते. ती अख्खी ठेवायचा मोह सोडा, बिंदूच्या रेषेत उभी कापून दोन अरुंद फळ्या करा. सगळ्यात रुंद ओली फळी शंभर किलोच्या घरात जाते, चार माणसांशिवाय हात लावू नका.

सुकवणं

फळी पडली की त्याच दिवशी तोंडांना पुन्हा रंग. कच्च्या पांढऱ्या लाकडाला भुंगा लागतो, म्हणून ओलं असतानाच बोरॅक्सचं पाणी मारायचं: 10 लिटर गरम पाण्यात 300 ग्रॅम बोरॅक्स आणि 200 ग्रॅम बोरिक ॲसिड, ब्रशने दोन हात. लाकूड ओलं असेल तर औषध आत सरकतं, सुकल्यावर ते वरच राहतं. आंब्याला हे टाळूच नका.

जागा छपराखालची, चारी बाजूंनी वारा खेळणारी. ऊन नको, बंद खोलीही नको. जांभ्याचे चिरे एका पातळीत मांडून जमिनीपासून दीड फूट उंचीवर पहिली फळी येऊ द्या. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या, सुक्या, एकाच मापाच्या पट्ट्या, दीड-दीड फुटांवर, आणि सगळ्या थरांतल्या पट्ट्या बरोबर एकीखाली एक. पट्टी रेषेबाहेर गेली की फळी तिथे झोळते आणि ती झोळ पुन्हा निघत नाही. सर्वात वर आणखी चिरे ठेवून वजन द्या. प्रत्येक फळीच्या तोंडावर तारीख आणि क्रमांक लिहा, एकाच ओंडक्याच्या लागोपाठच्या फळ्या टेबलाला जोडीने लागतात.

इंचाला एक वर्ष हा सुतारांचा जुना हिशोब किनाऱ्यावर कमी करून चालत नाही. जून ते सप्टेंबर लाकूड सुकत तर नाहीच, उलट हवेतलं पाणी परत घेतं. माझ्या 60 मिमी फळ्यांना नोव्हेंबर 2020 पासून दोन वर्षांहून जास्त लागली. सुया टोचायचा ओलावा मीटर असेल तर फळीच्या मध्यावर, ताज्या कापलेल्या जागेत मोजा. वरच्या पृष्ठभागाचा आकडा फसवतो. मीटर नसेल तर एक लहान तुकडा त्याच ढिगात ठेवा आणि महिन्यातून एकदा वजन करून वहीत लिहा. कोरड्या महिन्यांत लागोपाठ तीन वेळा वजन तेच आलं की तेवढ्या जाडीचं लाकूड त्या जागेपुरतं सुकलं. पण तुकडा फळीएवढाच जाड हवा आणि त्याच्या तोंडांना फळीसारखाच रंग हवा, नाहीतर तो आधीच सुकून बसतो.

आत्याच्या वहीत, दुधाच्या हिशोबाच्या मागच्या पानावर, तो तुकडा 4 किलो 100 ग्रॅमवरून सुरू झाला होता. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च 2023 अशा तिन्ही महिन्यांना 2 किलो 700 आला, तेव्हा वरचे चिरे उतरवले आणि तीन आणि चार नंबरच्या फळ्या सुतारकामाच्या राउटर मशीनखाली सपाट करायला घेतल्या.